चौथ्या मजल्यावर भरती

मुंबईनं समुद्राला हटवण्यात दोन-अडीचशे वर्षं घालवली. सात बेटांमधल्या खाड्या बुजवल्या, हॉर्नबीसाहेबानं अठराव्या शतकात वरळीची खिंड बांध घालून बंद केली, पुढच्यांनी बॅकबे भरून काढला आणि त्याच्या कडेनं मरीन ड्राइव्ह नेली. इतक्या पिढ्यांनी खपून बाहेर काढलेला हा समुद्र आता मुंबईकर पदरचे पैसे घालून, बादली-बादलीनं, घरात परत आणू लागले आहेत. माझा धाकटा मेहुणा त्यांतलाच एक. राहतो दादरला, चौथ्या मजल्यावर. चौपाटी चालत पाच-सात मिनिटांवर. गॅलरीतून थोडं वाकलं तर दोन इमारतींच्या फटीतून खराखुरा अरबी समुद्र दिसतो. आता त्या गॅलरीत वाकता येत नाही, कारण तिथे चिलर बसवलाय.

गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल मी बोलत नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे सगळं आपल्या लहानपणी बरणीतसुद्धा जगत असे आणि मेलं तर चिंचेच्या झाडाखाली पुरलं जात असे. मेहुण्यानं आणली ती मरीन टँक. खाऱ्या पाण्याची. त्यातही नुसते मासे नव्हेत, प्रवाळसुद्धा. तिला रीफ टँक म्हणतात. हा शब्द उच्चारताना तो आवाज जरा खाली आणतो. लोक घराण्याची गायकी सांगताना आणतात तसा.

या घरात माझ्या सासूबाईही असतात, हे सांगणं भाग आहे. त्या मालवणच्या. त्यांच्या लेखी मासे दोन प्रकारचे: ताजे आणि न घेण्यासारखे. पाळायचे मासे असा तिसरा प्रकार जगात आहे, हे त्यांना वयाच्या पंचाहत्तरीत कळलं आणि त्यांनी ते अजून मानलेलं नाही. टाकी घरात येणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "समुद्र घरात कित्याक आणूक होयो? थंय भायर आसा मा तो!"

प्रश्न बिनतोड होता. पण मेहुण्याकडे उत्तर होतं. चौपाटीचं पाणी चालत नाही. त्यात शहराचं सांडपाणी आहे, तेल आहे, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो, आणि प्रवाळाला चढउतार सोसत नाहीत. मग पाणी कुठलं? नळाचं. म्हणजे भातसा-तानसाचं, शंभर किलोमीटर वाहत आलेलं, महापालिकेनं क्लोरीन घालून शुद्ध केलेलं पाणी. तेही जसंच्या तसं चालत नाही. ते आधी आर.ओ.च्या यंत्रातून आणि मग रेझिनच्या नळीतून जातं. त्यातून काढता येईल ते सगळं काढून टाकतात. मीटर लावला की शून्य आलं पाहिजे. एक लिटर असं पाणी मिळवायला दोन-तीन लिटर वाया जातं. वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, त्या पाण्यानं लादी पुसतात, म्हणून घरात निदान लाद्या तरी चकाचक असतात. इतकं करून पाण्यात काहीच उरलं नाही, याची खात्री पटली की त्यात मीठ घालायचं.

मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम. अडीचशे लिटरला साधारण पावणेनऊ किलो. आणि ते स्वयंपाकाचं नव्हे. सासूबाईंनी मोठ्या मनानं खड्याच्या मिठाची बरणी पुढे केली होती, ती परत गेली. समुद्राच्या क्षारांत पंच्याऐंशी टक्के सोडियम आणि क्लोराइडच असलं, तरी उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकीची मंडळी असतात, आणि प्रवाळाचा जीव त्या पंधरा टक्क्यांत. तेव्हा हे मीठ परदेशातून बंद बादलीत येतं. किंमत विचारल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ते सोडा." आता क्रम पाहा. तिकडे भाईंदरच्या मिठागरात समुद्राचं पाणी उन्हात आटवून मीठ काढतात. इकडे दादरला पाण्यात मीठ कालवून समुद्र काढतात. दोन्ही ठिकाणी माणसं घामाघूम होतात. फरक इतकाच, की मिठागरातल्यांना त्याचे पैसे मिळतात.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आकडे किरकोळ वाटतात. पण पाणी, काच, दगड, खालच्या कपाटातली दुसरी टाकी, असं सगळं धरून वजन चारशे किलोच्या आसपास गेलं. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं तेव्हा ते टेप घेऊन आले. इमारत जुनी आहे, स्लॅबचा प्रश्न आहे, म्हणाले. मेहुण्यानं सांगितलं, सत्यनारायणाला याच हॉलमध्ये पंचवीस माणसं बसतात, त्यांचं वजन दीड टन भरतं, तेव्हा स्लॅबचं काय होतं? सेक्रेटरी म्हणाले, "ती माणसं प्रसाद घेऊन जातात हो. हे राहणार." हा मुद्दा सासूबाईंना पटला. शेवटी टाकी हॉलच्या मध्यावरून हलवून भिंतीलगत, तुळईच्या अंगानं ठेवली, आणि ते योग्यच झालं. सोफा मात्र त्यामुळे अशा जागी गेला, की त्यावर बसलं की टीव्ही दिसत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला फक्त वरची टाकी दिसते. खरं खातं खालच्या कपाटात. तिथे संप असतो. वरचं पाणी ओसंडून नळीनं तिथे उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं पुन्हा वर चढतं. संपमध्ये स्किमर नावाचं यंत्र बसवतात. ते पाण्यात अतिबारीक बुडबुडे सोडतं. माशांनी केलेली घाण, उरलेलं अन्न, असलं सगळं सेंद्रिय द्रव्य बुडबुड्यांना चिकटतं, फेस होऊन वर चढतं आणि एका पेल्यात जमा होतं. किनाऱ्यावर लाटांचा पिवळट फेस साठलेला दिसतो, तोच हा व्यवहार. पेल्यातलं पाणी कडक चहाच्या रंगाचं होतं आणि त्याचा वास कसलाही नसून त्याचाच असतो. मेहुणा तो पेला रविवारी सकाळी उजेडात धरतो आणि प्रसन्न होतो. "भाऊजी, बघा काय सुंदर घाण निघालीय!" उत्तम घाण कशी ओळखावी, पातळ का दाट, हिरवट का तपकिरी, यावर तो पंधरा मिनिटं बोलू शकतो. माणूस मासे पाळायला लागला असं आपण म्हणतो, पण तो प्रत्यक्षात एका छोट्या गावाची नगरपालिका चालवायला लागलेला असतो. पाणीपुरवठा त्याच्याकडे, मलनिस्सारण त्याच्याकडे, दिवाबत्ती त्याच्याकडे. नागरिक दिवसभर नुसते हिंडतात आणि कर भरत नाहीत.

टाकी भरली, दगड रचले, दिवे लागले. आता मासे? नाही. आता वाट पाहायची. याला टाकी 'सायकल होणं' म्हणतात, आणि माझ्या मते या छंदातला सगळ्यांत मजेचा भाग हाच आहे. निदान ज्याचे पैसे गेलेले नाहीत त्याच्यासाठी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्यांच्या जिवावर उठतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी चालवून घेता येतं. या दोन्ही जमातींची वस्ती दगडांवर नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पण जिवाणूंना यायचं तर आधी त्यांना खायला हवं, म्हणजे टाकीत अमोनिया हवा, आणि मासा तर अजून नाही. मग अमोनिया आणायचा कुठून? एक जुना, खात्रीचा उपाय आहे. टाकीत एक कच्ची कोळंबी टाकायची आणि ती सडू द्यायची.

मालवणच्या बाईच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, चांगली टपोरी कोळंबी सडवायची.

कोळणीनं सकाळी वाटा देताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मान उचलून, डोळे पाहून, एकेक कोळंबी निवडून घेतली होती. त्यातली सर्वांत मोठी मेहुण्यानं उचलली. सासूबाईंना वाटलं, पोराला सुकं करून हवंय. त्यानं ती पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोळंबीभोवती पांढरी बुरशी धरली, तेव्हा त्यांनी टाकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी घरात वास सुटला आणि शेजारच्या कुलकर्णी मंडळींनी दाराशी येऊन, गटार तुंबलंय का, अशी चौकशी केली. मेहुणा आनंदानं म्हणाला, "अमोनिया वर जातोय!" कुलकर्णी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. पाहुणे येत, रिकाम्या टाकीत दिवे, दगड आणि कुजकी कोळंबी पाहत, आणि "छान आहे, मासे कुठेत?" असं विचारत. उत्तर असे, "अजून नायट्राइट उतरला नाही." यावर पुढे काय विचारावं हे कुणालाच सुचत नसे. लोक चहा पिऊन जात.

या काळात रोज तपासणी. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, आणि जो रंग येईल तो छापील तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनियाचा तक्ता पिवळ्यापासून सुरू होऊन हिरव्याकडे जातो. पिवळा म्हणजे शून्य. अडचण अशी, की पुरुषमाणसाला पिवळा आणि हिरवा एवढेच दोन रंग ठाऊक असतात आणि तक्त्यात त्यांच्यामध्ये पाच आहेत. मेहुणा आणि मी ट्यूबलाइटखाली नळी धरून भांडत होतो. तो म्हणे शून्य, मी म्हणे पाव. वहिनी भाजी निवडताना नुसत्या मान वर करून म्हणाल्या, "लिंबू नाहीये तो. पोपटीकडे झुकलाय. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या साडीचा काठ होता ना, त्याच्या एक घर अलीकडे." तक्त्यावर पाहिलं. अगदी बरोबर एक घर अलीकडे होता. तेव्हापासून या घरातलं रसायनशास्त्र वहिनींकडे आहे. नायट्राइटचा जांभळा त्या वांगी आणि जांभूळ असा वेगळा सांगतात, आणि नायट्रेटच्या केशरी-लालात तर त्यांना इतके भेद दिसतात, की तक्ता छापणाऱ्यालाही दिसले नसतील.

मग एकदा सगळं शून्यावर आलं आणि टाकी तपकिरी झाली. काचेवर, वाळूवर, दगडांवर तपकिरी साय. हे डायटम. ते आपसूक जातात. ते गेले आणि हिरवं केसाळ शेवाळ आलं. ते गेलं आणि लालसर, चिकट पडदा आला. जाणकार या काळाला टाकीचं कुरूप वय म्हणतात आणि धीर धरायला सांगतात. धीर ही एकच वस्तू दुकानात मिळत नाही, बाकी सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव माशांच्या गल्लीत मिळतं, आणि जे मिळत नाही ते "मंगळवारी येईल, साहेब."

हे वेड आजचं नाही. १८४६ साली इंग्लंडात ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या, तिथले प्रवाळ त्यांना आवडले, आणि ते दगडी बरणीत घालून त्यांनी लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेत मोठ्या धर्माधिकारी पदावर होते, घर तिथेच. त्या काळी पंप नव्हते. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतत असे. प्रवाळ जगले. इतिहासानं बाईंचं नाव नोंदवून ठेवलं; मोलकरणीचं मला कुठे सापडलेलं नाही. आज तिचं काम दोन वेव्हमेकर करतात. भिंतीला चुंबकानं चिकटलेले हे पंखे पाण्यात लाटा उठवतात, आणि त्यांचा खर्च मोलकरणीपेक्षा जास्त आहे. ही गोष्ट मी वहिनींना सांगितली. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पंप बिघडला की माझ्याकडे बघू नका."

विजेचा विषय निघालाच आहे. प्रवाळाला पाणी हवं पंचवीस-सव्वीस अंशांवर. तीसच्या वर बराच काळ राहिलं तर तो पांढरा पडतो. दादरच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी आपणहून एकतिशी-बत्तिशी गाठतं, शिवाय दिवे आणि पंप त्याला वरून शेकत असतात. म्हणून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो. हॉलमध्ये ठेवला तर हॉलमध्ये फेकतो. पहिल्या उन्हाळ्यात टाकी पंचवीसवर होती आणि आम्ही छत्तीसवर. दुपारी जेवल्यावर सगळे टाकीच्या काचेला पाठ टेकून बसत. मग चिलर गॅलरीत गेला. घराला ए.सी. नाही, कारण सासूबाईंना तो बाधतो. माशांना बाधत नाही.

आता मासे. पहिली आली क्लाउनफिशची जोडी, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. 'फाइंडिंग नीमो' २००३ साली आला आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या मुलांना हा मासा नावानं ओळखता येतो. आता समुद्रातूनच पकडायला हवा असंही राहिलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे. सिनेमात मात्र एक गोष्ट सोयीनं गाळली आहे. क्लाउनफिश सगळे जन्माला नर म्हणूनच येतात. गटात जो सर्वांत मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. त्याखालचा तिचा नवरा. बाकीचे वाट पाहत राहतात. मादी मेली की नवरा काही आठवड्यांत मादी होतो, आणि खालचा एक जण बढतीवर नवरा. म्हणजे नीमोची आई गेल्यावर त्याच्या वडिलांनी मुलाला शोधत सगळा समुद्र पालथा घालण्याऐवजी, शास्त्राप्रमाणे, स्वतःच आई व्हायला हवं होतं. मेहुण्यानं हे जेवताना समजावून सांगितलं. पानावर बांगडा होता. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे घरात बाई नसली तर कुणाला तरी बाई व्हावंच लागतं." त्यावर मेहुण्यानं आमटी मागितली आणि वहिनींनी भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

सासूबाईंनी दोन्ही मासे काचेजवळ येऊन पाहिले. बोटभर. "असले मासे खातत?" नाही खात. "मगे?" या 'मगे'चं उत्तर त्या घरात अजून कुणी दिलेलं नाही.

दुकानदार या दिवसांत फार प्रेमळ होतो. निळाशार सर्जनफिश पुढे करतो. त्याला पोहायला चार फूट कमी पडतात, सहा तरी हवेत. पण विचारलं तर "राहतो, साहेब." मँडरिन दाखवतो, अंगावर निळ्या-नारिंगी रांगोळ्या. तो सहसा वाळूतले, दगडांतले जिवंत सूक्ष्म जीवच वेचून खातो. नव्या टाकीत ते संपले की डोळ्यांदेखत उपाशी मरतो. "खातो, साहेब, सगळं खातो." मेहुण्यानं दोन्ही नाकारले, हे त्याच्या नावावर जमा. त्यानं घेतला एक छोटा गोबी आणि त्याच्यासोबत पिस्तुल-कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणते, वाळू बाहेर टाकते. गोबी बिळाच्या तोंडाशी बसून पहारा करतो. कोळंबी बाहेर आली की एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. त्यानं शेपूट थरथरवलं की दोघं आत. एकाची नजर, दुसऱ्याचे हात, आणि जागा दोघांची. दादरला तीन पिढ्या एका खोलीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, पण तासन्‌तास पाहावंसं मात्र वाटतं. सासूबाईही पाहतात. पाहत नसल्यासारखं दाखवून.

प्रवाळाचं प्रकरण वेगळं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे, प्राणी आहे. मिलिमीटरभराच्या शेकडो जीवांची एक वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाड्यानं राहतं, उजेडात अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. उष्णता वाढली की मालक भाडेकरूंना बाहेर काढतो आणि स्वतः पांढरा पडून उपाशी राहतो. टाकीवर ते महागडे निळे दिवे लागतात ते या भाडेकरूंसाठी. त्या उजेडात घरातल्या सगळ्यांचे दात हिरवट चमकतात, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर त्या हॉलमध्ये मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम करता येत नाही.

पण आपल्याकडे यात कायदा आहे, आणि बरं आहे की तो आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आले. काळे प्रवाळ आले, सागरपंखे आले, समुद्रघोडेही त्याच वेळी आले. पहिलं परिशिष्ट म्हणजे वाघाचं. आपल्या समुद्रातला असा प्रवाळ तोडून हॉलमध्ये ठेवणं म्हणजे वाघाचं पिल्लू आणून बाथरूममध्ये ठेवण्याइतकाच गुन्हा. गल्लीत कुणी आवाज खाली आणून "आतून दाखवू?" म्हणालं, तर समजावं आणि घरी यावं. मेहुणा समजला आणि घरी आला. त्यानं ठेवलेत ते मऊ प्रकार: मश्रूम, लेदर आणि झोआ. झोआ म्हणजे रुपयाएवढ्या, रंगीत, फुलांसारख्या दिसणाऱ्या जीवांची सतरंजी. हे प्रवाळ कलमांनी वाढतात. तुकडा तोडून दुसऱ्या दगडावर चिकटवला की नवी वसाहत. त्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात आणि तो बोटावर मोजून विकतात. दर चौरस फुटात काढून पाहिला तर दादरची जागा स्वस्त पडते.

या झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, जगातल्या अतिजहाल विषांपैकी. दगड साफ करायचा म्हणून उकळत्या पाण्यात टाकला तर वाफेतून ते नाकात जातं. परदेशांत अशी कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात गेलेली आहेत. हे मेहुण्यानं सांगितलं ते वहिनी एका बुळबुळीत दगडाकडे पाहून "एकदा गरम पाण्यातून काढू का?" म्हणाल्या त्याच क्षणी. तेव्हापासून टाकीतली कुठलीही वस्तू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही.

गंमत म्हणजे खरे प्रवाळ मुंबईतच आहेत, फुकट. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, ओहोटीच्या पाण्यात, त्या गढूळ समुद्रात. ना आर.ओ., ना चिलर, ना परदेशी मीठ. कोस्टल रोडच्या वाटेत त्यांतल्या काही वसाहती आल्या, तेव्हा २०२० साली रीतसर परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, अठरा वसाहती उचलून कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला नेऊन बसवल्या. वरळीतून उठवलं आणि कुलाब्यात, समुद्राला लागून जागा दिली! प्रकल्पग्रस्तांचं इतकं उत्तम पुनर्वसन मुंबईच्या इतिहासात दुसरं झालेलं मला माहीत नाही. गिरणगावातल्या माणसानं हे वाचलं तर तोही खडकाला चिकटून बसेल.

गणपतीत मालवणला जाण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ उडत नाही. म्हणजे वर घालायचं ते गोडं पाणी, तेही शून्यवालं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. त्यासाठी आपोआप पाणी सोडणारं यंत्र आहे. यंत्रावर भरवसा नाही म्हणून शेजारच्या मुलाला किल्ली दिली आहे. मुलावर भरवसा नाही म्हणून कॅमेरा लावला आहे. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर संपला तर बॅटरीवरचा पंप आहे. इतकं करून मेहुणा आरतीच्या वेळी, एका डोळ्यानं देवाकडे आणि एका डोळ्यानं फोनकडे पाहत, टाळ वाजवतो. समोर तारकर्लीचा किनारा. त्या पाण्यात पोहायला चला म्हटलं की म्हणतो, "थांबा, तापमान सव्वीस पॉइंट चार दाखवतंय." समोरचा अख्खा किनारा सोडून हा माणूस अडीचशे लिटर पाहत बसतो. त्याचे मामा त्याला अजून विचारतात, पोराक बरा नाय काय?

अलीकडे घरात दुसरी टाकी आली. छोटी, नुसती काच, न्हाणीघराच्या बाहेर स्टुलावर. ही इस्पितळ-टाकी. नवा मासा आणला की त्याला थेट मोठ्या टाकीत सोडायचं नाही. महिनाभर इथे वेगळा ठेवायचा. त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवींचा रोग, आणि त्याला औषध तांब्याचं. पण तांबं कोळंबीला आणि प्रवाळाला घातक. त्या टाकीतला एक थेंब या टाकीत येता कामा नये. म्हणून तिची जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी, फडकं वेगळं. तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत धुवायचा, पुसायचा, मगच इकडे यायचं.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, आणि टाकी घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सोवळ्यातला असा तर. मगे आधी सांगूचा नाय?"

आता व्यवस्था त्यांच्याकडे आहे. इस्पितळाची बादली लाल, मोठ्या टाकीची निळी, आणि लालला निळीच्या शेजारी ठेवायचीसुद्धा नाही. परवा मेहुणा इस्पितळातला मासा बघून तसाच लगबगीनं मोठ्या टाकीकडे निघाला होता. देवघराशी वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी मानही वळवली नाही.

"थांब थंय. त्या दुखणेकऱ्याच्या पाण्यात हात घातलंस मा? धू आधी. आणि तो टॉवेल नको, तो हकडचो."